अँडोव्हरची हाडे: 1845 मधील एका वर्कहाउसचे प्रकरण

1 ऑगस्ट 1845 रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात खासदार टॉमस वॅकली यांनी गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांना हॅम्पशर परगण्यातील अँडोव्हर येथील वर्कहाउसबद्दल, म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या गरीबखान्याबद्दल, प्रश्न विचारला. खत तयार करण्यासाठी तेथील पुरुषांना जनावरांची हाडे कुटायला लावतात आणि ती माणसे इतकी उपाशी असतात की हाडांना चिकटून राहिलेले मांस व आतला मगज खाण्यासाठी ती आपसांत भांडतात, हे खरे आहे काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. वॅकली पेशाने शल्यवैद्य, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक आणि मिडलसेक्सच्या पश्चिम भागाचे कॉरोनर होते. संशयास्पद मृत्यूंची चौकशी हेच त्यांचे काम असल्यामुळे उपासमार म्हणजे काय हे त्यांना सांगोवांगी कळलेले नव्हते. ग्रॅहम यांनी चौकशीचे आश्वासन दिले. त्या आश्वासनातून जे सुरू झाले त्याची अखेर दोन वर्षांनी झाली, आणि तीही इंग्लंड व वेल्समधील गरिबांच्या मदतीचा सगळा कारभार ज्याच्या हाती होता ते मंडळच बरखास्त होऊन.

हे प्रकरण बहुधा एका दुष्ट अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून सांगितले जाते. तो अधिकारी दुष्ट होता याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु घटना क्रमाने लावून पाहिल्या तर असे दिसते की त्याने ज्या अन्नात हात घातला ते मुळातच इतके मोजूनमापून ठरवलेले होते की त्यात चोरीला वावच नव्हता, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रत्येक पायरीवरील माणसाकडे ‘हे पाहणे माझे काम नाही’ असे म्हणायला एक नियमशुद्ध कारण होते. या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, म्हणून येथे तिच्यावर अधिक भर दिला आहे.

कायदा आणि त्यामागचा हिशेब

इंग्लंडमध्ये गरिबांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी 1601 पासून त्या त्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील स्थानिक विभागावर, होती. पॅरिशमधील जमीन आणि घरे धारण करणाऱ्यांकडून एक पट्टी वसूल होई आणि तिच्यातून म्हातारे, आजारी, अनाथ आणि बेकार यांना मदत दिली जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस धान्य महागले, तेव्हा 1795 मध्ये बर्कशरमधील स्पीनहॅमलंड येथे जमलेल्या मॅजिस्ट्रेटांनी मजुराच्या कुटुंबातील माणसांची संख्या आणि पावाचा भाव यांच्या आधारे त्याच्या मजुरीत पॅरिशने भर घालावी असा दंडक ठरवला. हेतू चांगला होता. तथापि शेतकऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की मजुरी कमी दिली तरी उरलेले पॅरिश देणारच आहे, आणि दक्षिण इंग्लंडच्या धान्यपिकाच्या पट्ट्यात मजुरी खाली आणि गरिबांसाठीची पट्टी वर, अशी स्थिती झाली. 1830 च्या दशकाच्या आरंभी हा खर्च वर्षाला सुमारे 70 लाख पौंडांवर गेला होता.

1832 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने, म्हणजे मुख्यतः नासाऊ सीनियर हे अर्थशास्त्रज्ञ आणि एडविन चॅडविक हे तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे सचिव राहिलेले वकील यांनी, 1834 मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी नवा कायदा झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने घरदार सोडून वर्कहाउसमध्ये यावे, आणि तेथील जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराच्या जगण्यापेक्षा कमी पसंतीचे असावे. या योजनेची खुबी अशी की मदत मागणारा खरा गरजू आहे की आळशी, हे शोधण्याची गरजच राहत नव्हती. जो आत यायला तयार होतो तो गरजू आणि जो नकार देतो त्याचे बाहेर भागते, असे मानायचे. पुढे निरनिराळ्या देशांत गरिबांसाठी ज्या ज्या कसोट्या लावल्या गेल्या त्यांपैकी बऱ्याच कसोट्यांचे मूळ या युक्तिवादात आहे.

त्यात एक अडचण होती आणि ती कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. दक्षिणेतील शेतमजूर आठवड्याला आठ शिलिंगांच्या आसपास मिळवत होता आणि पाव, बटाटे, कधीमधी थोडे डुकराचे मांस यांवर कुटुंब काढत होता. त्याच्यापेक्षा वाईट खायला घालायचे तर उपासमारच करावी लागली असती. म्हणून कागदोपत्री असे ठरले की अन्न पुरेसे पण बेचव व ठरावीक ठेवावे, आणि धाक बाकीच्या गोष्टींनी निर्माण करावा. नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या भागांत ठेवणे, गणवेश, घंटेवर चालणारा दिवस, जेवताना मौन, तंबाखू आणि बिअरला बंदी आणि कंटाळवाणे कष्ट, अशी त्यांची यादी होती. अन्न ‘पुरेसे’ आहे हे कोण आणि कसे ठरवणार, हा प्रश्न तसाच राहिला.

सगळ्या कारभारावर लंडनमधील सॉमरसेट हाउसमध्ये बसणारे तीन आयुक्तांचा कायम आयोग नेमण्यात आला (यापुढे ‘आयोग’ म्हणजे हाच) आणि स्वतः आयुक्त होण्याची आशा बाळगणारे चॅडविक यांना त्यांच्या हाताखाली सचिव म्हणून बसवण्यात आले, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. आयुक्तांना नियम करण्याचे प्रचंड अधिकार होते, पण त्यांच्यापैकी कोणीही संसदेत बसत नव्हता. लोक त्यांना ‘सॉमरसेट हाउसचे पाशा’ म्हणत. प्रत्यक्ष पाहणीसाठी सहायक आयुक्त होते. त्यांची संख्या आरंभी वीसच्या घरात होती, ती काटकसरीपायी 1840 च्या दशकात निम्म्याच्याही खाली आणली गेली, आणि एकेका सहायकाच्या वाट्याला कित्येक परगणे येऊ लागले.

अँडोव्हर

अँडोव्हर हे हॅम्पशरच्या वायव्येकडील बाजारपेठेचे गाव. भोवताली खडूच्या मातीचे माळ, त्यांवर मेंढ्या आणि गहू. 1830 च्या नोव्हेंबरात दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, तेव्हा या गावाजवळचा टास्कर यांचा लोखंडी ओतकामाचा कारखानाही जमावाच्या हातून सुटला नाही. त्या दंग्यानंतर मजुरांना फाशी, तुरुंग आणि ऑस्ट्रेलियाला हद्दपारी अशा शिक्षा झाल्या. म्हणजे 1835 मध्ये आसपासच्या पॅरिश एकत्र करून अँडोव्हर युनियन स्थापन झाली, त्या वेळी जमीनवाले आणि मजूर यांच्यातील तेढ अवघी पाच वर्षे जुनी होती.

वर्कहाउसची इमारत 1837 मध्ये सुरू झाली. सॅम्प्सन केम्पथॉर्न या वास्तुविशारदाने आयोगासाठी जे नमुना आराखडे काढले होते त्यांपैकी क्रुसाच्या आकाराचा आराखडा येथे वापरला होता. मधोमध मास्टरचे, म्हणजे वर्कहाउसच्या व्यवस्थापकाचे, बिऱ्हाड आणि चार बाजूंना चार पाखे, जेणेकरून मधल्या खिडक्यांतून चारही अंगणांवर नजर ठेवता यावी आणि एका अंगणातल्या माणसाला दुसऱ्या अंगणातली आपली बायको वा मुले दिसू नयेत. सुमारे 400 माणसे राहतील एवढी तिची क्षमता होती.

कारभार बोर्ड ऑफ गार्डियन्सकडे होता. गार्डियन हे पट्टी भरणाऱ्यांनी निवडून दिलेले, आणि मतेही मालमत्तेच्या प्रमाणात. ज्याची जमीन जास्त त्याला मते जास्त. व्यवहारात याचा अर्थ असा की बोर्डावर शेतकरी बसत. तेच मजुरांना कामावर घेत, तेच त्यांची मजुरी ठरवत, तेच पट्टी भरत आणि मजूर बेकार झाला की त्याला काय द्यायचे हेही तेच ठरवत. अध्यक्ष होते रेव्हरंड ख्रिस्तोफर डॉडसन, जवळच्याच पेंटन म्यूझी गावचे पाद्री. नव्या कायद्यावर त्यांची कडवी निष्ठा होती. धडधाकट माणसाला घरी राहून मदत द्यायची नाही हा नियम इतर अनेक युनियन सोयीने वाकवत. कडाक्याच्या थंडीत शेतीकाम बंद पडले की चार आठवडे थोडी भाकरी देऊन वेळ मारून नेत. अँडोव्हरने तो कसोशीने पाळला. आयोगाच्या दृष्टीने ही आदर्श युनियन होती, आणि आदर्श ठरलेल्या ठिकाणी तपासणी करणाऱ्याची नजर आपोआप सैल पडते.

मास्टर म्हणून कोलिन मॅक्डूगल यांना आणि मेट्रन, म्हणजे स्त्रियांकडील व्यवस्था पाहणारी, म्हणून त्यांच्या पत्नीला नेमले गेले. मॅक्डूगल हे वॉटर्लूच्या लढाईत भाग घेतलेले निवृत्त सार्जंट-मेजर. शिस्त लावू शकणारा, हिशेब ठेवू शकणारा आणि कमी पगारात मिळणारा माणूस म्हणून सैन्यातील निवृत्तांना त्या काळी अशा जागांवर पसंती असे. ते दारूच्या आहारी गेलेले होते, पतिपत्नींत मारामारीपर्यंत भांडणे होत, आश्रितांचे अन्न ते लांबवत आणि तेथील स्त्रियांशी त्यांचे वर्तन लज्जास्पद होते, हे सर्व पुढे चौकशीत साक्षीदारांनी शपथेवर सांगितले. पाच आठवड्यांचे मूल अचानक दगावलेल्या एका अविवाहित आईला त्याची शवपेटी स्वतः वाहून मैलभर लांबच्या दफनभूमीपर्यंत न्यायला लावले, हेही त्या साक्षींत आहे. ही आठ वर्षे बोर्डाच्या दप्तरात मात्र मॅक्डूगल हे काटकसरी आणि खंबीर मास्टर होते.

हाडे कुटण्याचे काम

हाडांचा चुरा हे तेव्हा नव्याने लोकप्रिय झालेले खत होते, विशेषतः सलगमच्या पिकासाठी. कसाईखान्यातून आणि इतर ठिकाणांहून हाडे विकत घ्यायची, वर्कहाउसमधील पुरुषांकडून ती कुटून घ्यायची आणि चुरा शेतकऱ्यांना विकायचा, असा हा धंदा होता. चुरा घेणारे शेतकरी आणि बोर्डावर बसणारे शेतकरी एकाच वर्गातले होते, हे वेगळे सांगायला नको. अँडोव्हरखेरीज इतरही काही वर्कहाउसांत हे काम चाले. आयोगाला ते माहीत होते आणि त्याने त्याला बंदी घातलेली नव्हती.

कामाची रीत साधी होती. हाडे एका भक्कम पेटीत वा टोपात घालायची आणि 28 पौंड, म्हणजे जवळजवळ 13 किलो वजनाची लोखंडी धुम्मस उचलून वरून आपटत राहायची. हाडांचे ठिकरे उडून तोंडाला आणि हातांना लागत. कुजलेल्या हाडांची दुर्गंधी बंद खोलीत कोंडून राही. घोड्यांची, गुरांची, मेंढ्यांची अशी सरमिसळ हाडे येत, आणि एखादवेळी दफनभूमीतली माणसाची हाडेही त्यात असत असे साक्षीत आले.

सॅम्युअल ग्रीन नावाच्या आश्रिताची जबानी या प्रकरणात सर्वाधिक उद्धृत झाली आहे, आणि ती लोकांच्या लक्षात राहिली ती त्यातील किळसवाण्या तपशिलांमुळे. ताजी हाडे दिसली की आम्ही कुत्र्यांसारखे त्यांच्यावर तुटून पडत असू, असे तो म्हणाला. ताजी हाडे नुसत्या दिसण्यावरून ओळखता येतात. मगज हाडाच्या आत बंद असल्याने त्याला घाण लागत नाही, म्हणून तो मांसाइतकाच चांगला. शिळ्या, वास येणाऱ्या हाडावरचेही आपण खाल्ले आहे, कारण भूकच तशी होती, असे त्याने सांगितले. पण त्याच जबानीत याहून महत्त्वाचा एक भाग आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मांस मिळण्याच्या दिवशी दुपारच्या जेवणात पाव नसे. त्यामुळे सकाळी न्याहारीला मिळालेला पाव माणसे दुपारसाठी बाजूला ठेवत आणि सकाळी केवळ दीड पाइंट ओटची पातळ पेज पिऊन कामाला लागत. धुम्मस उचलणाऱ्या माणसाला तेवढ्या पेजेवर दुपारपर्यंत तग धरता येत नसे. मांसासोबत अर्धा पौंड बटाटे ठरलेले होते आणि प्रत्यक्षात जवळजवळ पौंडभर मिळत; अन्न चांगले होते, फक्त थोडे जास्त हवे होते, असेही तो म्हणाला.

हे नीट पाहिले पाहिजे. आयोगाने 1836 मध्ये आहाराचे सहा नमुने छापून दिले होते आणि त्यांपैकी एक युनियनने निवडायचा होता. प्रत्येक नमुन्यात आठवड्याच्या सात दिवसांचे औंसांत मोजलेले पाव, मांस, चीज, बटाटे आणि पेज होती. आठवड्याची बेरीज करणाऱ्या कारकुनाला मांसाच्या दिवशी पाव वगळणे ही समतोल साधणारी तजवीज वाटणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी सकाळपासून अंगमेहनत करणाऱ्याच्या वाट्याला मात्र ती भूक म्हणूनच येत होती, आणि नियमाप्रमाणे सगळे अन्न दिले गेले असते तरीही आली असती. मॅक्डूगल यांनी त्यातून जे काढून घेतले त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या माणसांचा तोल गेला. शंभर दिवसांच्या धान्यातून चार दिवसांचे चोरले तर सुगीपर्यंत कसेबसे रेटता येते. इथे रोजचे रोजच मोजून दिलेले होते आणि साठवण अशी नव्हतीच. वर्कहाउसपेक्षा तुरुंगात बरे खायला मिळते म्हणून जाणूनबुजून लहानसहान गुन्हा करणारे लोक इंग्लंडभर होते, आणि याची चर्चा वृत्तपत्रांतून उघडपणे होत असे.

चौकशी

हे सगळे बाहेर आले ते तपासणीतून नव्हे, बोर्डातल्याच एका शेतकऱ्यामुळे. ह्यू मंडी या गार्डियनाने हाडे कुटणारी माणसे ती चघळतात असे कळल्यावर विषय बोर्डापुढे आणला. डॉडसन आणि बहुसंख्य सदस्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. तेव्हा मंडी यांनी अध्यक्षांना बाजूला ठेवून वॅकली यांना कळवले. स्थानिक प्रतिष्ठितांच्या वर्तुळात असे करणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर पत्करणे होते; या प्रकरणात ज्यांनी व्यक्तिशः काही गमावण्याची जोखीम घेतली अशा मोजक्या लोकांत त्यांचे नाव घ्यावे लागेल.

संसदेतील प्रश्नानंतर काही दिवसांतच सहायक आयुक्त हेन्री पार्कर यांना अँडोव्हरला पाठवण्यात आले. तो भाग त्यांच्याच देखरेखीखाली होता. आपल्याच अखत्यारीतील संस्थेत काय दिसले नाही याची चौकशी त्यांनाच करायची होती. हाडे चघळली जातात हे खरे असल्याचे त्यांनी लवकरच वरिष्ठांना कळवले. त्यानंतर युनियनचे वैद्यकीय अधिकारी वेस्टलेक यांनी मॅक्डूगल यांच्यावर अन्न लांबवल्याचे आणि इतर गैरवर्तनाचे आरोप ठेवले आणि चौकशी वाढत गेली. ‘द टाइम्स’चा बातमीदार हजर होता. त्या पत्राचे मालक जॉन वॉल्टर नव्या कायद्याचे जुने विरोधक होते, त्यामुळे साक्षींचे रकानेच्या रकाने छापून येत. लंडनमधील आयुक्तांना जे आवरते घ्यायचे होते ते रोज सकाळी देशभर वाचले जात होते.

मॅक्डूगल यांनी 29 सप्टेंबर 1845 रोजी राजीनामा दिला. यानंतर जे घडले ते प्रहसनात शोभावे. नवा मास्टर शोधण्याचे काम पार्कर यांच्याकडे आले आणि त्यांनी प्राइस नावाच्या ओळखीच्या बेकार गृहस्थाचे नाव सुचवले. हे गृहस्थ ऑक्सफर्डच्या वर्कहाउसमधून गैरवर्तनाबद्दल काढले गेले होते, हे लवकरच उघड झाले. ऑक्टोबरमध्ये आयुक्तांनी पार्कर यांचाच राजीनामा मागितला. पार्कर गप्प बसले नाहीत. गृहमंत्री ग्रॅहम यांना उद्देशून लिहिलेली आपली पत्रे त्यांनी छापून प्रसिद्ध केली आणि आपल्याला वरिष्ठांकडून कोणत्या सूचना मिळाल्या व कोणत्या मिळाल्या नाहीत हे जगापुढे मांडले. 1845 संपण्यापूर्वी हाडे कुटण्याच्या कामावर आयोगाने सर्वत्र बंदी घातली.

एवढ्यावर प्रकरण मिटेल अशी सरकारची अपेक्षा असावी. अँडोव्हरचे खासदार राल्फ एटवॉल यांच्या मागणीवरून मार्च 1846 मध्ये कॉमन्स सभागृहाने निवड समिती नेमली आणि लॉर्ड कोर्टनी यांच्या अध्यक्षतेखाली तिचे काम उन्हाळाभर चालले. समितीपुढे अँडोव्हरची माणसे आली, तशी सॉमरसेट हाउसमधली भांडणेही आली. बारा वर्षे सचिव राहिलेल्या आणि आपल्याला आयुक्त न केल्याचा सल उरात बाळगून असलेल्या चॅडविक यांनी आपल्या वरिष्ठांविरुद्ध सविस्तर साक्ष दिली. आयुक्त नियमाप्रमाणे एकत्र बसून निर्णय घेत नाहीत, नोंदी ठेवल्या जात नाहीत, मला बाजूला ठेवले जाते, असा तिचा रोख होता. ती साक्ष खरी असली तरी निरपेक्ष नव्हती. वर्कहाउसच्या धाकाची कल्पना ज्यांनी 1834 मध्ये हिरिरीने मांडली तेच आता तिच्या अंमलबजावणीचे सर्वांत कठोर टीकाकार म्हणून उभे होते. ऑगस्ट 1846 च्या अहवालात समितीने बोर्डाच्या ढिलाईवर आणि मॅक्डूगल यांच्या वर्तनावर ताशेरे ओढले, आणि पार्कर व आणखी एक सहायक आयुक्त विल्यम डे यांना ज्या रीतीने घालवण्यात आले ती मनमानी असल्याचे म्हटले.

जबाबदारीची उतरंड

या ठिकाणी थांबून प्रत्येकाचे म्हणणे काय होते ते पाहणे उपयुक्त आहे, कारण त्यातले एकही वरवर पाहता खोटे नाही. मॅक्डूगल यांचे म्हणणे, बोर्डाने ठरवलेला आहार आणि बोर्डाने ठरवलेले काम मी दिले. बोर्डाचे म्हणणे, आहाराचा तक्ता आयोगाचा, हाडे कुटण्याला आयोगाची हरकत नव्हती, आणि रोजचा कारभार पाहणे मास्टरचे काम. पार्कर यांचे म्हणणे, माझ्याकडे अनेक परगण्यांतील ढीगभर युनियन, माझ्या भेटीची चाहूल आधी लागते आणि कोणी तक्रार केली नाही. आयुक्तांचे म्हणणे, आम्ही सर्वसाधारण नियम करतो, एकेका वर्कहाउसमध्ये काय चालते ते सहायकाने पाहायचे. आणि गृहमंत्री म्हणू शकत होते की आयोग कायद्याने स्वतंत्र आहे. हा स्वतंत्रपणा मुद्दाम ठेवला होता: गरिबांवरील खर्चाचा प्रश्न मतांच्या राजकारणापासून लांब राहावा म्हणून. त्याची दुसरी बाजू अशी की संसदेत उभे राहून ‘हे माझ्या खात्यात घडले’ असे म्हणण्यास बांधील असलेला माणूसच नव्हता. म्हणून सगळा भार उतरत उतरत जो सर्वांत खालचा आणि बाहेरून दिसणारा होता त्या पार्कर यांच्यावर येऊन थांबला.

तक्त्यावरचा आहार आणि राबणाऱ्या शरीराची गरज यांतील हे अंतर तीस वर्षांनी दख्खनेतही दिसले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील माणसाची मजुरी रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. गावापासून लांबच्या छावणीत यायला लावणे ही गरजेची कसोटी ठरवली गेली, आणि तिचा वंश 1834 च्या अहवालाशी जुळतो. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर अंगमेहनत करणारा माणूस जगत नाही असे लेखी सांगितले. मुंबई इलाख्यात कामकऱ्यांनी नव्या अटींवर काम करण्यास नकार देऊन छावण्या सोडल्या आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अँडोव्हरच्या आश्रितांना असे संघटित पाठबळ नव्हते. त्यांच्यासाठी बोलणारा एक शेतकरी, एक डॉक्टर आणि कायद्यावर दात धरून असलेले एक वृत्तपत्र, एवढेच होते. म्हणून या प्रकरणाला योगायोगाचा मोठा आधार आहे हे मान्य करावे लागते. मंडी गप्प बसले असते तर अँडोव्हरची नोंद काटकसरीची युनियन म्हणूनच राहिली असती.

1847

1847 मध्ये संसदेने आयोग रद्द केला आणि त्याच्या जागी पुअर लॉ बोर्ड आणला. त्याचा अध्यक्ष संसदेत बसू शकत होता आणि तेथे प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील होता. पहिले अध्यक्ष चार्ल्स बुलर झाले. त्याच कायद्याने साठी ओलांडलेल्या जोडप्यांना वर्कहाउसमध्ये वेगळे ठेवण्यास मनाई केली. गार्डियनांची पाहणी समिती तीन महिने वर्कहाउसमध्ये फिरकली नाही तर पगारी पाहणी अधिकारी नेमता येईल अशी तरतूदही त्यात आली, आणि ती कोठल्या अनुभवातून आली हे सांगायला नको.

दारापलीकडचे जगणे मात्र फारसे बदलले नाही. बाहेरच्या मजुरापेक्षा आतला माणूस बऱ्या स्थितीत असू नये हे तत्त्व तसेच राहिले, कुटुंबे विभागली जात राहिली, हाडांऐवजी खडी फोडणे आणि जुन्या दोरखंडांचे धागे सुटे करणे ही कामे चालू राहिली. मास्टर निवडण्याची पद्धतही बदलली नाही. अँडोव्हरला प्राइस यांच्यानंतर पार्कहर्स्टच्या तुरुंगातील एक माजी अधिकारी मास्टर म्हणून आला आणि तीन वर्षांनी आश्रित स्त्रियांशी गैरवर्तन केल्याबद्दल त्यालाही काढावे लागले. युनियन आणि त्यांचे बोर्ड कायद्याने रद्द झाले ते 1930 मध्ये.

आयुक्तांचे काय झाले तेही नोंदवले पाहिजे. जॉर्ज निकोल्स यांना नव्या बोर्डाचे सचिव करण्यात आले. सर एडमंड हेड 1848 मध्ये न्यू ब्रन्स्विकचे आणि पुढे कॅनडाचे गव्हर्नर झाले. चॅडविक यांना 1848 च्या आरोग्य मंडळात जागा मिळाली. जॉर्ज कॉर्नवॉल लुइस 1855 मध्ये अर्थमंत्री झाले आणि 1859 मध्ये गृहमंत्री, म्हणजे ज्या खुर्चीसमोर वॅकली यांनी आपला प्रश्न ठेवला होता त्याच खुर्चीवर.